बाळदादाला विचारलं का?

भारतीय युद्धानंतर धृतराष्ट्र लगेच वनात गेला नाही. तो पंधरा वर्षं पांडवांकडे राहिला आणि खाऊनपिऊन सुखात राहिला. युधिष्ठिराने त्याच्या ताटात, अंथरुणात, मानपानात काही उणं पडू दिलं नाही. मेलेल्या मुलांच्या श्राद्धाला, दानाला हवा तेवढा पैसा दिला. तरी पंधरा वर्षांनी म्हातारा म्हणाला, आता मला जाऊ द्या. कारण भीम. युधिष्ठिराच्या पाठीमागे, पण म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने, भीम दंड थोपटून सांगायचा की आंधळ्याची सगळी पोरं याच हातांनी संपवली. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात ही हकीकत आहे. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं, पण हे पर्व कधी अभ्यासक्रमात आलं नाही. कसं येणार? त्यात पराक्रम नाही, म्हातारी माणसं आहेत. निवृत्तीनंतर ते सावकाश वाचलं ते बाळदादामुळे.

बाळदादा माझा थोरला भाऊ, वय बासष्ट. त्याला डाउन सिंड्रोम आहे. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्यामुळे हे होतं, हे लजून नावाच्या फ्रेंच डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1959 साली दाखवून दिलं होतं, पण सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत ती बातमी यायला पुष्कळ वर्षं लागली. डॉक्टर आईला म्हणाले होते, विशी गाठली तर खूप झालं. त्याने विशी गाठली, चाळिशी गाठली, साठीची शांत केली. आई मात्र गेल्या वर्षी गेली. “माझ्यामागे ह्याचं कसं?” हे ती रोज म्हणायची. कुकर लावताना, वाती वळताना, कुणाला उद्देशून नाही, अशीच. आम्ही सगळ्यांनी तो प्रश्न घड्याळाच्या टिकटिकीसारखा ऐकून सोडून दिला होता.

डाउन सिंड्रोम असलेल्यांना अल्झायमर लवकर गाठतो. मेंदूत जे प्रथिन साचतं त्याचं जनुक त्याच एकविसाव्या गुणसूत्रावर असतं, म्हणून. बाळदादा आता रात्री उठतो. कडी काढून दुधाला निघतो. गॅसचं बटण फिरवतो. माझे गुडघे गेलेत, यजमानांची बायपास झालीय. ब्यूरोची रात्रपाळीची बाई ठेवून पाहिली. तिचीही चूक नव्हती, दिवसा दुसऱ्या घरी काम करून आलेली बाई रात्री जागणार किती? म्हणून मी निवासी संस्था बघायला लागले, आणि ही बातमी आईच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत फुटली.

आत्येबहीण म्हणाली, “अगं, पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवलं, आणि तुला सख्ख्या भावासाठी एक बाई मिळेना?” मामेभाऊ न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणाला, “सोय चांगली असते गं अशा ठिकाणी. पण आपल्यात नाही ते बसत.” बाळदादा तिथेच बसून जिलबी खात होता. त्याच्याविषयी अर्धा तास बोलणं झालं, त्याच्याशी कुणी बोललं नाही.

आपल्यात काय बसतं, हे मग मी पोथ्यांत शोधलं. मला दुसरं येतं काय?

तीन ऋणं सगळ्यांना तोंडपाठ असतात. ती फेडायची कशी हे मात्र फारसं कुणी बघत नाही. तैत्तिरीय संहितेत ऋषींचं ऋण ब्रह्मचर्याने फिटतं, देवांचं यज्ञाने, आणि पितरांचं संतती होऊन. बेडपॅन देऊन नव्हे. आणि भावाचं ऋण तर त्या यादीतच नाही. मनुस्मृतीत मात्र बाळदादा सापडतो. नवव्या अध्यायात वाटणीचे नियम आहेत; तिथे जन्मांध, बहिरा, वेडा, जड, मुका यांना हिस्सा नाही असं म्हटलंय, आणि लगेच पुढे असं की, शहाण्या वारसाने यांना जन्मभर अन्नवस्त्र द्यावं, न देणारा पतित होतो. मनूला नुसतं झोडपून चालणार नाही, दुसरा श्लोक त्याने आवर्जून घातलाय. पण हिशेब उघड आहे. तुझा हिस्सा आम्ही घेतो, तुला दोन वेळ जेवायला घालतो. हिस्सा नाकारण्याचा हा नियम कायद्यातून पुरता जायला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला. त्याच्या 28 व्या कलमाने रोग किंवा व्यंग हे वारसा नाकारायचं कारण राहिलं नाही. आईच्या फ्लॅटमध्ये बाळदादाचा निम्मा हिस्सा आहे. वडील टपाल खात्यात होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन अपंग मुलाला हयातभर मिळतं, तेही आता त्याच्या नावे आहे. म्हणजे तो कुठेही राहिला तरी बराचसा स्वतःच्या पैशाने राहणार. पंगतीत हे कुणाच्या तोंडून निघालं नाही.

मग भागवतातला जडभरत. बाप गेल्यावर सावत्र भावांनी त्याला ठोंब्या समजून शेत राखायला बसवलं आणि कोंडा, पेंड, करपलेलं काहीबाही खायला घातलं. ते तो अमृतासारखं खाई. पुढे राजा रहूगणाची पालखी उचलताना तो बोलतो आणि कळतं की हा ब्रह्मज्ञानी आहे. लहानपणी ही गोष्ट मला फार आवडायची, आता तिचा राग येतो. भावांचं वागणं वाईट ठरतं ते तो ज्ञानी निघाला म्हणून. खरोखरच ठोंब्या असता तर? आपल्या विदर्भातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू तेराव्या शतकातले. ते वेड्यासारखे वागत, मागतील ते लोक देत, रुसतील तिथे समजूत काढत. आख्ख्या गावाने एक वेडा सांभाळला असं ‘ऋद्धिपूरलीळा’ वाचताना वाटतं आणि भरून येतं. पण तिथेही गावाला तो देव वाटत होता. बाळदादा देव नाही आणि दडलेला ज्ञानीही नाही. त्याला बटणं रंगांप्रमाणे लावायला आवडतात, तो हट्टी आहे, खोटंही बोलतो. अशा माणसाला विचारायचं की नाही, हा प्रश्न राहतोच.

पुंडलिकाकडे मी थोड्या भीतभीतच वळले, कारण त्याच्याविरुद्ध बोललं की मराठी माणूस दुखावतो. मला विरुद्ध बोलायचं नाहीच. पण गोष्ट आठवून पाहा. जानुदेव आणि सत्यवती ही त्याच्या आईवडलांची नावं. या दोघांच्या तोंडी आपण सांगतो त्या गोष्टीत एकही वाक्य नाही. देव बोलतो, पुंडलिक बोलतो, वीटसुद्धा अजरामर झाली. म्हातारा-म्हातारी पाय चेपून घेतात, बस. त्यांना झोप येत होती का, पाय पुरे झाले होते का, देव आलाय तर जरा दारापर्यंत जावंसं वाटत होतं का, कोण जाणे. आणि त्या दिवशी भाकऱ्या कुणी थापल्या हेही गोष्टीत नाही. ऋण मुलाचं आणि राबणं सुनेचं, ही आपल्याकडची जुनी वाटणी. एकत्र कुटुंबात म्हातारी आणि अपंग माणसं सांभाळली जात, हे खरं. घरात एखादी विधवा आत्या असे, जिला जायला जागा नव्हती, म्हणून सांभाळली जात, हेही तेवढंच खरं.

आश्रमवासिक पर्वात मात्र म्हातारी माणसं बोलतात, भरपूर बोलतात. धृतराष्ट्र परवानगी मागतो तेव्हा युधिष्ठिर हादरतो. तुम्ही नका जाऊ, मीच जातो, म्हणतो. लोक काय म्हणतील हे दुःख त्यात असणारच. उपासाने खंगलेल्या धृतराष्ट्राला बोलता बोलता भोवळ येते. शेवटी व्यास येतात आणि युधिष्ठिराला सांगतात, जाऊ दे त्याला. महाभारतातला धर्मराज, धर्माचा अवतार, त्यालाही सांगावं लागलं की तुझी सेवा चोख असेल, पण म्हाताऱ्याची इच्छा तिच्यापेक्षा मोठी आहे. हा म्हातारा अपंगही आहे, हे विसरू नका. डोळे नाहीत म्हणून जन्माने हक्काचं राज्य एकदा नाकारलं गेलेला माणूस. जन्मभर त्याच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवलं. हा एक निर्णय त्याचा स्वतःचा.

आणि कुंती. ती तर राजमाता, मुलं सिंहासनावर, तिला कुणी टोचून बोलत नव्हतं. निघायच्या दिवशी तीही निघाली. पुढे कुंती, तिच्या खांद्यावर डोळे बांधलेल्या गांधारीचा हात, गांधारीच्या खांद्यावर आंधळ्या धृतराष्ट्राचा हात, अशी ती तिघं हस्तिनापुरातून बाहेर पडली. मुलं रडली. भीमाने विचारलं, वनातच जायचं होतं तर आम्हाला लढायला का लावलंस? ती ऐकेना. तुम्ही कुणापुढे मिंधे होऊ नये म्हणून लढायला लावलं, आता मला माझं करू द्या, असा तिच्या उत्तराचा मथितार्थ. मुलांनी केलेली सेवा नाकारायचा हक्क आईला असतो, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे वाचलं नाही.

पुढचंही सांगायला हवं. वनात वणवा लागला आणि ती तिघं त्यात गेली. उपासांनी शक्ती नव्हती, पळता आलं नाही. बरोबर आलेल्या संजयाला जायला सांगून ती पूर्वेकडे तोंड करून बसली. युधिष्ठिराने फार शोक केला. घरी ठेवलं असतं तर वाचली असती, हे कुणाच्याही मनात येईल. व्यासांनी मात्र कथा मागे फिरवून त्यांना घरात डांबलेलं नाही. इच्छेने गेलेल्याला धोका असतो, तो त्याचा असतो. आजच्या संस्था नेमकी उलटी वस्तू विकतात. कुलूप, कॅमेरे, सरकणार नाही अशी फरशी. सगळं हवंच, बाळदादा रात्री कडी काढतो हे मला माहीत आहे. पण कुलूपच तेवढं असेल तर तो धृतराष्ट्राचा राजवाडा झाला, भीमासकट.

एक संस्था सिंहगड रस्त्याच्या पुढे होती. माहितीपत्रकावर वटवृक्ष आणि वानप्रस्थाचा उल्लेख. (मनूचा वानप्रस्थ नातवाचं तोंड पाहून आपण होऊन निघतो; त्याला व्हॅनमधून आणत नाहीत.) व्यवस्थापकांनी मला सगळं विचारलं. शुगर आहे का, फिट येते का, अंगावर धावून येतात का, कपड्यांत होतं का. प्रश्न रास्त होते. बाळदादा माझ्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसला होता. मला म्हणाले “बसा”, त्याच्याकडे बोट करून म्हणाले “त्यांना बसवा.” सात वाजता प्रार्थना, आठला नाश्ता, रेडिओ चालणार नाही, इतरांना त्रास होतो. बाळदादा गेली पन्नास वर्षं सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या ऐकतो. त्यातलं किती कळतं, कोण जाणे. पण त्या झाल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही.

दुसरी तळेगावच्या बाजूची, लहान, रंग उडालेली. कार्यालयात कुणी नव्हतं. व्हरांड्यात एक मावशी एका आजोबांची नखं कापत होत्या, लातूरकडच्या बोलण्यावरून वाटल्या. त्या उठल्या नाहीत, नखं पुरी केली, हात धुतले आणि बाळदादाला म्हणाल्या, “काका, चहा बशीत का कपात?”

“बशीत.”

“साखर किती?”

“दोन.”

“दागदरानं एकच सांगितली असंल.”

बाळदादाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “दीड,” म्हणाला.

त्यांनी दीड चमचा घातली. रेडिओचं विचारलं तर म्हणाल्या, स्वयंपाकघरात असतोच की चालू, तिथं येऊन बसू द्या सकाळी, मेथी निवडतील. आत जाऊन मी स्नानगृहातले दांडे हलवून पाहिले, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंच्या टाचा आणि कोपरं पाहिली. ज्याला कूस बदलता येत नाही त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर जखमा होतात. वहीत वळवल्याच्या सह्या असतात, पण टाच खोटं बोलत नाही. नंतर न सांगता रविवारी दुपारी जाऊन आले, तेव्हाच अशा जागा खऱ्या दिसतात. रात्री किती माणसं जागी असतात, हे विचारलं. पहिल्या ठिकाणी याच प्रश्नावर विषय कॅमेऱ्यांकडे वळला होता.

पैसे घेऊन केलेली सेवा ही सेवा का, हा आत्येबहिणीचा दुसरा मुद्दा होता आणि तो हलका नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला असतो, कुणी बघत नाही. बुद्ध स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, दोघं मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवतात. मग बुद्ध संघाला बोलावून समजावतात की, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार. आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. तिथेच चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणंही दिली आहेत. औषध देता यावं, पथ्य कळावं, मलमूत्र-ओकारी काढताना किळस येऊ नये, आजाऱ्याला धीर देणारं बोलता यावं, आणि करणं मायेने असावं, लाभासाठी नको. घराबाहेर, रक्ताचं नातं नसलेल्या माणसांनी माणूस सांभाळायचा तर कसा, याचा इतका नेमका मजकूर आपल्या भूमीत अडीच हजार वर्षांच्या परंपरेतून आलेला आहे. तोही “आपल्यात” बसायला हरकत नसावी.

शेवटचं लक्षण मात्र अडतं. तळेगावच्या मावशी पगारावर आहेत. मी त्यावर बरेच दिवस घोळत राहिले आणि माझ्यापुरता निकाल केला. भिक्खूला भिक्षा मिळत होती, म्हणून त्याला लाभ नको म्हणता आलं. मावशींना गावी मुलीची फी भरायची आहे. त्यांच्या पगाराने सेवा बाटत नाही. त्यांना बारा तासांचे तुटपुंजे पैसे देऊन वर मायेची अपेक्षा ठेवली तर आपलं पाप वाढतं. पूर्वी ही माया आपण सुनांकडून आणि विधवा आत्यांकडून फुकट घेतली. म्हणून संस्था बघताना मी सेवकांना पगार किती, सुटी किती, माणसं किती वर्षं टिकतात, हेही विचारते. व्यवस्थापकांना आवडत नाही. विचारावंच.

आता बाळदादा. त्याला विचारणं म्हणजे काय, हे सोपं नाही. “इथे राहशील का?” याला तो समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर देतो. आपल्याच घरात, आईच्या खाटेवर बसून “घरी चल” म्हणतो. विस्मरणाच्या आजारात अनेकांना असं होतं. म्हणून तोंडच्या उत्तरावर विसंबता येत नाही आणि ते बाजूलाही सारता येत नाही. आम्ही त्याला तळेगावला राहून बघायला नेलं. त्याला काही नको असलं की तो टॉवेल आणि रेडिओ पिशवीत भरून दाराशी बसतो, हे त्याचं लहानपणापासूनचं आहे. तिथेही सुरुवातीला बसला. मावशींनी पिशवी काढून घेतली नाही, शेजारी खुर्ची टाकून भाजी निवडत बसल्या. मग एक दिवस पिशवी खाटेखाली गेली. हा होकार मानायचा का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी मानते, पण कच्च्या शाईने; पिशवी पुन्हा दाराशी आली तर पुन्हा विचार करायचा, आणि ही अट मी संस्थेकडून लिहून घेतली आहे. कुंतीला एकदाच विचारून भागलं. बाळदादाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार.

ज्यांच्या घरी असा मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आहे त्यांना एक सांगणं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरची स्थानिक समिती असते, अर्ज तिच्याकडे करायचा. आईवडील हयात आहेत तोवरच करा. “माझ्यामागे कसं” याचं निम्मं उत्तर तिथे मिळतं. त्या समितीत एक जागा दिव्यांग व्यक्तीसाठी कायद्यानेच ठेवलेली आहे. तुमच्या घरी जेव्हा याविषयी बैठक बसेल तेव्हा ज्याच्याविषयी ती आहे त्यालाही बसवून घ्या, आणि पहिला प्रश्न त्याला विचारा.